जुन्या कॅसेट, उघडलेली यंत्रं आणि कायद्याचं कुलूप



मागच्या लेखात घरच्या राउटरमध्ये आपल्या पसंतीचं फर्मवेअर कसं घालायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या निम्म्या पत्रांत राउटरचं नावसुद्धा नव्हतं! "ते ठीक आहे हो, पण गेम कन्सोलचं असं काही करता येतं का?" हाच धोशा. त्यातली तीन पत्रं इतकी नेमकी होती की आजचा लेख त्यांच्याभोवतीच बेतला आहे.

पहिलं न्यू जर्सीहून. यार्ड सेलमध्ये निन्टेन्डो वी स्वस्तात मिळाला, तो 'मॉड' करून त्यावर जुना मारिओ खेळता येईल का, कायद्याने चालेल का? दुसरं दुबईहून. टीव्हीला जोडायचा एक डबा बाजारात मिळतो, आत म्हणे दहा हजार गेम्स. मुलाच्या वाढदिवसाला घ्यावा का? तिसरं ह्यूस्टनच्या एका ताईंचं. त्याबद्दल पुढे, जरा सावकाश.

आधीच सांगतो, मी वकील नाही. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हौसेसाठी स्क्रू ड्रायव्हर चालवतो. कायद्याची माहिती खाली दिली आहे ती समज यावी म्हणून. कोणाचं प्रकरण खरंच गळ्याशी आलं असेल तर वकील गाठावा.

* हा विषय आपल्यालाच का चावतो?

नव्वदच्या दशकात भारतात शाळकरी असलेल्या बहुतेकांच्या घरी किंवा शेजाऱ्यांकडे 'व्हिडिओ गेम' होता. त्याला कन्सोल म्हणतात हे आपल्याला इकडे आल्यावर कळलं. कार्ट्रिजला आपण 'कॅसेट' म्हणायचो, आणि चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची हे सर्वमान्य शास्त्र होतं. त्यात मारिओ, कॉन्ट्रा, आणि "९९९९९९ इन १" असं लिहिलेली, प्रत्यक्षात दहा-बारा गेम्स उलटसुलट करून दाखवणारी ती पिवळी कॅसेट. ज्यांच्याकडे हे नव्हतं त्यांना शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जॉन रोमेरोचा डेंजरस डेव्ह आणि जॉर्डन मेकनरचा प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) भेटला. उडी मारा, खड्डा चुकवा, दार गाठा. प्लॅटफॉर्म गेमची व्याख्या यापेक्षा मोठी नाही.

आता गंमत बघा. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरातलं ते यंत्र निन्टेन्डोचं नव्हतंच. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती, आणि आतले बहुतेक गेम्सही चोरीचे. म्हणजे आपलं अख्खं बालपण पायरसीवर पोसलं गेलं! तेव्हा आपल्याला ते माहीत नव्हतं आणि आपल्या आईवडिलांना तर मुळीच नव्हतं. पण आज आपलं घरभाडं आणि पोरांची फी सॉफ्टवेअरच्या हक्कांवरच निघते. आपण लिहिलेला कोड कोणी तसाच उचलला तर कंपनीचा कायदे विभाग काय करेल हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग घरी बसून दुसऱ्याचा कोड फुकट उतरवताना "तो जुना आहे हो" म्हणणं जरा अवघडच जातं. शिवाय आपल्यातले कित्येक जण व्हिसावर आहेत. कोर्टकचेरी ही आपल्याला न परवडणारी चैन आहे.

* 'मॉड' म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळी कामं येतात. ती आधी वेगळी केली की निम्मा गोंधळ मिटतो.

एक, चित्र, आवाज आणि वीज यांची दुरुस्ती. फुगलेले कपॅसिटर बदलणे, आरजीबी किंवा एचडीएमआय आउटपुट बसवणे, ५० आणि ६० हर्ट्झचा स्विच लावणे. युरोपातली यंत्रं ५० हर्ट्झवर चालायची, त्यामुळे नीट जुळवून न घेतलेले गेम्स तिथे सुमारे १७ टक्के हळू पळायचे. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांचा सॉनिक आणि अमेरिकेतल्या मुलांचा सॉनिक यांचा वेग खरोखरच वेगळा होता. या कामांत कॉपीराइटचा काही संबंध येत नाही. यंत्र तुमचं, कथील तुमचं, भाजलेलं बोट तुमचं.

दोन, फ्लॅश कार्ट्रिज. बाहेरून कॅसेट, आत मेमरी कार्ड. जुन्या कॅसेटवाल्या यंत्रात घातली की कार्डावरची फाइल चालते. इथे प्रश्न असतो तो त्या कार्डावर तुम्ही काय ठेवता याचा.

तीन, उत्पादकाने घातलेलं कुलूप उघडणं. मोडचिप असो किंवा नुसतं सॉफ्टवेअर वापरून केलेला सॉफ्टमोड, खरी कायदेशीर मारामारी इथे आहे.

कुलपाचा इतिहास मोठा रंजक आहे. जपानी फॅमिकॉमला कुलूप नव्हतं, म्हणून नकला काढणाऱ्यांचं फावलं. १९८५ साली तेच यंत्र एनईएस नावाने अमेरिकेत आणताना निन्टेन्डोने '१०एनईएस' नावाची चिप घातली. एक चिप यंत्रात, एक कॅसेटमध्ये. दोघींचं सतत संभाषण चालतं; ते जुळलं नाही की यंत्र दर सेकंदाला स्वतःला रीसेट करतं. जुन्या एनईएसचा लाल दिवा लुकलुकतो तो याचमुळे, आणि बहुतेक वेळा कारण असतं मळलेले संपर्क. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कॅसेटचे दात पुसा. फुंकर मारू नका! फुंकरीतल्या ओलाव्याने संपर्क गंजतात. पूर्वी फुंकरीने चालायचं असं वाटायचं, कारण फुंकर मारण्यासाठी आपण कॅसेट काढून पुन्हा बसवायचो. काम व्हायचं ते पुन्हा बसवण्याने.

पुढे प्लेस्टेशनने सीडीच्या आतल्या कडेच्या खाचेत मुद्दाम एक डुगडुग ठेवली. साध्या सीडी रायटरला ती लिहिता येत नाही, म्हणून कॉपी केलेली सीडी यंत्र ओळखायचं. एक्सबॉक्समध्ये (२००१) डिजिटल स्वाक्षऱ्या होत्या. त्याच एक्सबॉक्सवर हौशी मंडळींनी लिहिलेलं एक्सबीएमसी आज कोडी या नावाने जगभरच्या टीव्हींवर चालतं. म्हणजे कुलूप उघडणारे सगळे चोर नसतात, हेही ध्यानात ठेवावं.

* कोर्टांनी काय म्हटलं

अमेरिकेत १९९२ हे साल या बाबतीत फार महत्त्वाचं. त्या एका वर्षात तीन निकाल आले. गॅलूबच्या 'गेम जिनी'मुळे मारिओला जास्त जीव मिळत. कोर्ट म्हणालं, विकत घेतलेला गेम घरात वेगळ्या तऱ्हेने खेळणं हा हक्कभंग नव्हे. सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेडमध्ये सुसंगत गेम बनवण्यासाठी केलेलं रिव्हर्स इंजिनिअरिंग योग्य वापर ठरलं. तिसरा निकाल अटारी गेम्स आणि निन्टेन्डोचा. अटारी गेम्सने १०एनईएसचा कोड कॉपीराइट ऑफिसमधून खोटं कारण सांगून मिळवला होता. कोर्टाने सांगितलं की चिपचा अभ्यास करणं गैर नाही, पण अभ्यासासाठी हातात असलेली प्रतच गैरमार्गाने आली असेल तर तो बचाव उरत नाही. मला हा निकाल फार आवडतो. आपल्या आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे: प्रत आली कुठून, हे आधी विचारा.

२००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्समध्ये मॅकवर प्लेस्टेशनचे गेम्स चालवणारा एम्युलेटर तग धरून राहिला. म्हणजे एम्युलेटर ही वस्तू मुळात बेकायदा नाही.

मग अडचण कुठे आहे? ती १९९८ च्या डीएमसीए कायद्याच्या कलम १२०१ मध्ये. त्यानुसार कॉपीराइटचं रक्षण करणारं तांत्रिक कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा आहे. आत शिरून तुम्ही काही चोरलं का, हा पुढचा प्रश्न. दर तीन वर्षांनी लायब्ररियन ऑफ काँग्रेस काही सवलती देतात. फोन जेलब्रेक करायला सवलत मिळाली. कन्सोलसाठी २०१२ मध्ये मागितली, ती नाकारली. २०२१ मध्ये कन्सोलचा बिघडलेला डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती मिळाली, तीसुद्धा काम झाल्यावर कुलूप पूर्ववत करायच्या अटीवर. हौस म्हणून कन्सोल मोकळा करण्याची सर्वसाधारण सवलत नाही.

इंग्लंडमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या कायदेशीर वापरकर्त्याला, वापरासाठी आवश्यक असेल तेव्हा, बॅकअप प्रत काढता येते (कलम ५०ए). पण २०१० मध्ये तिथल्या हायकोर्टाने डीएससाठीची कॉपी कार्डं विकणं बेकायदा ठरवलं. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्समध्ये समतोल भूमिका घेतली: कुलपाला संरक्षण आहे, पण कुलूप उघडणाऱ्या साधनाचा प्रत्यक्षात वैध वापर किती होतो तेही पाहावं. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये मोडचिप विकणारा माणूस सोनीविरुद्ध सर्वोच्च पातळीवर जिंकला, आणि लगेच २००६ मध्ये संसदेने कायदाच बदलला!

आपल्या भारतात, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप ठेवता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हे कलम कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. हेतू पाहणारा कायदा आणि कृती पाहणारा कायदा, हा फरक देश बदलताना लक्षात ठेवावा. पुण्यात चालणारी गोष्ट प्लानोमध्ये चालेलच असं नाही.

* तीन थापा

कट्ट्यावर हमखास ऐकू येणाऱ्या तीन थापा इथेच निकालात काढू.

पहिली: "चोवीस तासांत डिलीट केलं की चालतं." असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. शेजाऱ्याची स्कूटर न विचारता नेऊन रात्री परत आणून लावली म्हणून ती आपली होत नाही.

दुसरी: "कंपनी विकत नाही, म्हणजे तो मोकळा झाला." नाही झाला. अमेरिकेत कंपनीच्या नावे प्रकाशित झालेल्या कामाचा हक्क ९५ वर्षं राहतो. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स १ जानेवारी २०८१ ला मोकळा होईल. तेव्हा माझी नात मला व्हीलचेअरवरून खेळायला नेईल बहुतेक :-) प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ अ‍ॅपल २ चा कोड मेकनरने २०१२ मध्ये सर्वांना वाचायला ठेवला, पण वाचायला ठेवला म्हणजे खेळाचे हक्क सोडले असं होत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात गोड: "माझ्याकडे खरी कॅसेट आहे, मग डाउनलोड करायला काय हरकत?" २००० सालच्या एमपी३.कॉमच्या खटल्यात नेमका हाच युक्तिवाद होता: ग्राहकाकडे सीडी आहे, आम्ही त्याला आमची प्रत ऐकवतो. कोर्टाने तो मानला नाही. तुमच्या कॅसेटमधून तुम्ही स्वतः काढलेली प्रत आणि परक्याने वाटलेली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः काढलेल्या प्रतीबद्दलही अमेरिकेत सगळं स्वच्छ नाही. कलम ११७ बॅकअपची मुभा देतं, पण १९८३ मध्ये इलिनॉयच्या एका फेडरल कोर्टाने रॉम कार्ट्रिजला ती लागू होत नाही असं म्हटलं होतं.

या थापांच्या दुसऱ्या बाजूला एक खरं दुःख आहे, तेही सांगायला हवं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. वीचं ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये बंद झालं, वी यू आणि थ्रीडीएसचं २०२३ मध्ये. सेगाने आपले बरेच जुने गेम्स डिसेंबर २०२४ मध्ये स्टीमवरून काढून घेतले. पैसे द्यायची तयारी असूनही विकणारा नाही, अशी अवस्था आहे. २०२४ मध्ये ग्रंथालयांनी संशोधकांना असे गेम्स दूरस्थपणे दाखवण्याची परवानगी मागितली, तीही नाकारली गेली. कायदा पाळावा हे माझं मत आहे. कायदा शहाणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

* ह्यूस्टनच्या ताईंचं पत्र

आता ते तिसरं पत्र. ताईंचा मोठा भाऊ त्यांच्या आधी इकडे आला होता. त्याच्याकडे सुपर निन्टेन्डो आणि सुपर मारिओ वर्ल्डची कॅसेट होती. ताई सुट्टीत आल्या की दोघं खेळायचे. भाऊ आता नाही. कॅसेट ताईंकडे आहे. सुरू केली की तीन नोंदी दिसतात. ए वर ९६, शेजारी चांदणी. ती भावाची. बी वर ११, ती ताईंची. त्यांनी लिहिलं होतं, "मला गेम नको आहे. मला फक्त तो ९६ चा आकडा जायला नको आहे. काय करू?"

मंडळी, या गेममध्ये ९६ वाटा आहेत, उघड आणि लपलेल्या. ९६ आणि चांदणी म्हणजे त्या माणसाने एकही वाट सोडली नाही.

तांत्रिक बाजू अशी. त्या कॅसेटमध्ये गेम ५१२ किलोबाइटच्या रॉमवर आहे, तो असा पुसला जात नाही. पण नोंदी दोन किलोबाइटच्या एसरॅममध्ये असतात, आणि तिला जिवंत ठेवते एक सीआर२०३२ बॅटरी, आपल्या गाडीच्या किल्लीत असते तीच. हा गेम अमेरिकेत १९९१ ला आला. म्हणजे काही कॅसेटमधल्या बॅटऱ्या तिशी ओलांडून गेल्या आहेत. बॅटरी संपली की नोंदी गेल्या, आणि बॅटरी बदलायला काढली तरीही गेल्या! उत्साही भाचा "बदलून देतो" म्हणाला तर त्याचा हात आधी धरा.

योग्य क्रम असा. आधी कार्ट्रिज रीडर मिळवायचा. रेट्रोड किंवा सॅनीचा ओपन सोर्स कार्ट रीडर, असे बरेच आहेत. कॅसेट त्यात घालून फक्त सेव्ह फाइल वाचून घ्यायची. दोन किलोबाइट. ती दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत का ते पाहायचं, आणि मग तीन वेगळ्या ठिकाणी ठेवायची. त्यानंतरच ३.८ मिलिमीटरच्या गेमबिटने कॅसेट उघडायची, पट्ट्या जोडलेली नवी बॅटरी धन-ऋण पाहून डाखायची, आणि सेव्ह फाइल रीडरने परत कॅसेटमध्ये लिहायची.

यात कुठलंही कुलूप तुटत नाही, कोणाचा गेम कॉपी होत नाही. त्या दोन किलोबाइटमधली नोंद त्या माणसाच्या हातांनी केलेली आहे. कन्सोलशी खटपट करण्याचं याहून निर्मळ कारण मला माहीत नाही. ताईंनी कॅसेट माझ्याकडे पाठवायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. पार्सलमध्ये हरवली तर कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांच्याच शहरात, त्यांच्या टेबलावर, फोनवरून एकेक पायरी सांगत आम्ही ते केलं. सेव्ह फाइल आता तीन ठिकाणी आहे. नवी बॅटरी त्यांनी अजून घातलेली नाही, आणि मीही घाई केलेली नाही.

* सुरक्षितपणा: वीज, बॅटरी, नेटवर्क

वीज. "पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर चालतो" हा समज जुन्या यंत्रांचा कर्दनकाळ आहे. अमेरिकन एनईएसचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन ऋण. एनईएसचा अ‍ॅडॅप्टर फॅमिकॉमला लावलात तर फॅमिकॉम गेला. आणि अमेरिकेतला मूळ अ‍ॅडॅप्टर भारतात किंवा आखातात २२०-२३० व्होल्टला थेट लावू नका. तो १२० व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर आहे. स्टेप-डाउन घ्या, किंवा स्थानिक अ‍ॅडॅप्टर घ्या पण व्होल्ट, अँपिअर, एसी/डीसी आणि पिनची दिशा या चारही गोष्टी जुळवून.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात.

बॅटरी. पीएसपी, डीएस अशा हातातल्या यंत्रांत लिथियम बॅटरी असते. फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. बॅटरी संकलन केंद्रात द्या. पहिल्या एक्सबॉक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत (१.६ च्या आधीच्या) घड्याळासाठीचा कपॅसिटर गळून बोर्ड खातो. बाकी काही केलं नाहीत तरी तो काढून टाका. यंत्र त्याच्याशिवाय चालतं. त्या यंत्राच्या सव्वा कोटीहून जास्त पॉवर कॉर्ड २००५ मध्ये आगीच्या धोक्यामुळे बदलून देण्याचं जाहीर झालं होतं. यार्ड सेलमधल्या यंत्राची कॉर्ड जुनीच असू शकते, ती आधी बदला.

नेटवर्क. ऑनलाइन खेळायचं यंत्र आणि खटपटीचं यंत्र वेगळं ठेवा. निन्टेन्डोने मे २०२५ मध्ये आपल्या करारात स्पष्ट लिहिलं आहे की नियम मोडून केलेल्या बदलांसाठी यंत्र कायमचं निकामी केलं जाऊ शकतं. आणि विकण्याच्या फंदात तर पडूच नका. टीम एक्झेक्यूटरच्या गॅरी बाउझरला २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली ती कुलूप तोडणारी साधनं विकण्याच्या धंद्यातल्या भागाबद्दल. "मित्राला करून देतो, वीस डॉलर दे" ही धंद्याचीच पहिली पायरी.

* मग करायचं काय?

न्यू जर्सीच्या मित्रा, वी सॉफ्टमोड करणं तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही, पण अमेरिकेत ते कायदेशीर आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. आत तू फक्त स्वतः लिहिलेला गेम चालवलास तरीही. कुलूप तोडण्यापेक्षा कुलूपच नसलेलं घर निवडावं. रास्पबेरी पाय आहे. मिस्टर नावाचा ओपन सोर्स एफपीजीए प्रकल्प आहे, जो जुन्या यंत्राचं सर्किटच पुन्हा उभं करतो. एक्सबॉक्स वनपासून पुढच्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टनेच २०१६ पासून डेव्हलपर मोड दिला आहे. तो उत्पादकाच्या परवानगीने उघडलेला दरवाजा आहे. नाहीतर खरा जुना एनईएस आणि एक फ्लॅश कार्ट्रिज. वी आहे तसाच ठेव आणि त्याच्या मूळ डिस्क्स खेळ. सेकंड हॅण्ड डिस्क विकत घेणं शंभर टक्के कायदेशीर आहे.

दुबईच्या काका, तो दहा हजारांचा डबा घेऊ नका. दहा हजार गेम्सचे हक्क घेऊन कोणी त्या किमतीत विकू शकत नाही, हा साधा हिशोब आहे. शिवाय आतलं सॉफ्टवेअर कोणी लिहिलं ते माहीत नाही, अ‍ॅडॅप्टर कोणत्या दर्जाचा ते माहीत नाही, आणि तुम्ही ते घरच्या वायफायला जोडणार. मुलाला दहा हजार गेम्स मिळाले की तो प्रत्येक गेम दीड मिनिट खेळतो, हा अनुभव वेगळाच.

त्याऐवजी ही यादी घ्या. सगळे प्लॅटफॉर्म गेम्स, बहुतेक जुन्या यंत्रांसाठी पण नव्याने लिहिलेले, आणि रीतसर मिळणारे.

नोव्हा द स्क्विरल: एनईएससाठी, फुकट, कोडही खुला. मुलांना खेळवा, मग कोड दाखवा.

मायक्रो मेजेस (२०१९): चार जणांना एकत्र खेळता येतो, आणि १९८५ च्या मारिओइतक्याच म्हणजे ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. आपल्या ऑफिसच्या ईमेलमधली सही याहून मोठी असते!

तोबू तोबू गर्ल (२०१७): गेम बॉयसाठी, तोही खुला.

टँगलवुड (२०१८): सेगा मेगा ड्राइव्हसाठी, विकत घ्यावा लागतो आणि घ्यावा.

केव्ह स्टोरी (२००४): दाइसुके अमाया या एकट्या माणसाने फावल्या वेळात लिहिला आणि फुकट वाटला. मूळ पीसीसाठी, आता जवळजवळ सगळीकडे चालतो.

आणि जीबी स्टुडिओ. हे फुकट, खुलं साधन वापरून गेम बॉयवर चालणारा गेम स्वतः बनवता येतो. माझी आठ वर्षांची मुलगी आणि मी सध्या एक करतोय. नायिका एक बेडूक आहे, ती घाटातल्या पावसात दगडावरून दगडावर उड्या मारते. पडद्यावर मराठी अक्षरं हवीत हा मुलीचा हट्ट. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, आणि एक चौकट ८ बाय ८ ची. शिरोरेषेला एक ओळ गेली, वेलांटी-मात्रेला वर दोन, उकाराला खाली दोन. उरल्या तीन ओळींत 'ढ' काढून दाखवा! शेवटी एका अक्षराला दोन चौकटी, एकाखाली एक, असा तह झाला. त्या भानगडीत ती शिरोरेषा, वेलांटी, उकार हे सगळे शब्द न कंटाळता शिकली, जे रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षांत जमलं नव्हतं.

परवा तिने विचारलं, "बाबा, हा गेम आपला आहे ना? मग मी मैत्रिणीला कॉपी देऊ शकते?" म्हटलं, दे की, तूच लिहिलायस. तिने कार्डावर नाव घातलं, आणि खाली पेन्सिलने लिहिलं: "कॉपी करायला परवानगी आहे."

पुढच्या लेखात जुन्या व्हीएचएस टेपवरची लग्नं आणि मुंजी डिजिटल करण्याबद्दल. त्याबाबत कोणाचे प्रश्न असतील तर आताच पाठवून ठेवा. आणि घरात कुठे जुनी कॅसेट पडली असेल, तर या शनिवार-रविवारी आधी तिच्यातली नोंद वाचून घ्या. मारिओ २०८१ पर्यंत थांबेल. बॅटरी थांबणार नाही.